आई-वडिलांना कॅनडात कायमचं न्यायचं असेल तर कोणता व्हिसा?

तुम्ही टोरांटोत पीआरवर (म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर), ताई लंडनला आणि गोव्यात फोंड्याच्या घरात आई-बाबा दोघंच. बाबा बहात्तर वर्षांचे, अजून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) बघतात. त्यांना कायमचं कुणाकडे न्यायचं, कोणत्या व्हिसावर, आणि वाड्यावरचे लोक म्हणतात तसं बाबांचं ‘पोर्तुगीज’ केलं तर सोपं पडेल का, हा तुमचा प्रश्न. मी डिचोलीची, राहते ब्रॅम्प्टनला. माझे बाबा वारल्यावर आईला सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीचा कॅनडाचा दीर्घ भेटीचा व्हिसा) आणलं, त्या अनुभवावरून सांगते.

पोर्तुगीजचं आधी सांगते, कारण त्यात परत न मिळणारं काहीतरी हातचं जातं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आपला जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे खरं. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, मताचा हक्क जातो, स्वतःच्याच घरी राहायला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) काढावं लागतं आणि पुढे शेतजमीन विकत घेता येत नाही. एवढं करून कॅनडात काय मिळेल? व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन मिळणारी प्रवास परवानगी) पुरेल, पण राहता येईल साधारण सहा महिनेच. लंडनलाही उपयोग नाही. ब्रेक्झिटनंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नव्याने राहायला जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणी आयर्लंड किंवा जर्मनीसारख्या युरोपियन युनियनमधल्या देशात असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

ताईकडचा रस्ताही अवघड आहे. 2012 पासून ब्रिटनचा नियम असा की आई-वडिलांना अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागला पाहिजे, आणि ती देखभाल भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही हे सिद्ध झालं पाहिजे. कुळागरात फिरणाऱ्या माणसाला हे लागू होणार नाही, आणि देव करो कधी न होवो. भेटीच्या व्हिसावर मात्र ताईकडे एका वेळी सहा महिने राहता येईल.

आता कॅनडा. कायमस्वरूपी नेण्याच्या योजनेला पीजीपी (पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स प्रोग्रॅम) म्हणतात. पण गेली काही वर्षं 2020 मध्ये ज्यांनी इच्छेचा फॉर्म भरला होता त्यांच्यातूनच सोडत निघत आली. 2025 साली 17,860 जणांना बोलावलं, अर्ज घ्यायचे होते 10,000. तुम्ही तेव्हा फॉर्म भरला नसेल तर त्यावर आस लावून बसू नका. शिवाय तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि क्युबेक सोडून इतरत्र 20 वर्षं त्यांचा खर्च उचलण्याची हमी द्यावी लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, सुपर व्हिसा करा. तो दहा वर्षांपर्यंतचा मिळतो, कितीही वेळा ये-जा करता येते आणि 2022 पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. कुटुंबाच्या संख्येप्रमाणे ठरलेलं किमान उत्पन्न तुमचं हवं (संख्येत आई-बाबाही धरायचे), तुमचं निमंत्रणपत्र हवं आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडची वैद्यकीय तपासणी. दोघांच्या नावाने वेगवेगळे अर्ज जातात.

सगळ्यात नीट बघायचा तो विमा. किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा लागतो. हप्त्यांनी घेतला तर पहिली रक्कम भरलेली हवी. सरकारी आरोग्यसेवा त्यांना मिळत नाही, त्यामुळे हा विमाच खरा आधार. अनेक पॉलिसींत अट असते की जुना आजार ठरावीक दिवस ‘स्थिर’ असला पाहिजे, आणि गोळीचा डोस बदलला तरी तो स्थिर धरत नाहीत. मी ते वाचलंच नव्हतं. आईची रक्तदाबाची गोळी निघायच्या महिनाभर आधी बदलली होती. इथे चक्कर येऊन पडली तेव्हा सगळं बिल आम्ही भरलं. पैशांपेक्षा जास्त, ती सारखी ‘माझ्यामुळे’ म्हणत राहिली ते लागलं.

दुसरी अडचण नावांची. आईच्या जन्मनोंदीत माहेरचं नाव, तेही पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने. लग्नात नाव बदललेलं, माझ्या जन्मदाखल्यावर ते सासरचं, आणि पासपोर्टवर आणखी तिसरं स्पेलिंग. नातं सिद्ध होतं ते तुमच्या जन्मदाखल्यावरून, म्हणून त्यावरची नावं आणि त्यांचे पासपोर्ट आजच शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा. फरक असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाचा दाखला काढा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आम्हाला यातच दोन महिने गेले.

‘कायमचं’ या शब्दाचं मात्र आई-बाबांशी बोला. माझी आई एप्रिलात येते आणि चवथीआधी (गणेश चतुर्थी) परत जाते, कारण माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची सजावट) बांधायला घरात कुणीतरी हवं असं तिचं म्हणणं. पीआर असतं तर पाच वर्षांत 730 दिवस इथे भरण्याचं बंधन आलं असतं. सुपर व्हिसाला तसं काही नाही. बाबांना सुपारी उतरवायच्या वेळी घरी असायचं असेल तर तारखा तशाच धरा. आधी त्यांच्या गोळ्यांची यादी आणि शेवटचा बदल कधी झाला ते लिहून काढा, विमावाल्याला तोच पहिला कागद द्या.