बारावीला सायन्स नव्हतं, आता प्राण्यांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून काम सुरू करायचंय, व्हेटर्नरी मेडिकल टर्मिनॉलॉजी कशी शिकू? माणसांच्या टर्मिनॉलॉजीचं पुस्तक चालेल का?

पुस्तक चालेल, पण निम्म्यापर्यंतच. मी बरीच वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात असिस्टंटचंच काम करतोय आणि नवीन आलेल्यांना शिकवतोही, त्यावरून सांगतो. शब्द बनतात कसे ते माणसांच्या पुस्तकातून नीट कळतं, पण दिशांची नावं, जनावरांच्या अवयवांची नावं आणि प्रिस्क्रिप्शनवरची काही अक्षरं त्यात एकतर नसतात नाहीतर वेगळी असतात. आणि कृपा करून ए पासून झेडपर्यंत यादी पाठ करायला बसू नका, काही दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं आणि मग उगाच वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. जमतं, सायन्स नसलं तरी जमतं.

शब्द आला की आधी त्याचं शेपूट बघायचं. शेवटी आयटिस असेल तर दाह किंवा सूज, ईमिया म्हणजे रक्तात काहीतरी, यूरिया म्हणजे लघवीत काहीतरी, पॅथी म्हणजे त्या अवयवाचा आजार. मग मधला भाग बघा, तो बहुतेक वेळा अवयव असतो : हेपॅट लिव्हर, नेफ्र किडनी, गॅस्ट्र पोट म्हणजे जठर, एंटर आतडं, डर्म कातडी, ओट कान, मास्ट कास. सगळ्यात शेवटी सुरुवातीचा तुकडा, हायपो म्हणजे कमी, हायपर जास्त, पॉली पुष्कळ, डिस म्हणजे नीट नसणं किंवा त्रास होणं. आपल्याकडे रोगांची जी मराठी नावं आहेत त्यातली काही अगदी अशीच जोडलेली आहेत, मस्टायटिसला आपण कासदाह म्हणतो, मास्ट म्हणजे कास आणि आयटिस म्हणजे दाह, आणि शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार म्हणजे एंटेरोटॉक्सिमिया, त्यात आंत्र आहे, विष आहे, फक्त ते विष रक्तात गेलंय एवढं शेवटचा ईमिया जास्तीचं सांगतो. म्हणजे ही पद्धत तुम्हाला आधीपासून माहीत आहे, फक्त तुकडे ग्रीक आणि लॅटिन आहेत.

आता हे तुकडे सुटे पाठ करण्यापेक्षा एकेका केसला लावून शिका, मी तर म्हणेन दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने शिकू नका. दुग्धज्वर घ्या, मिल्क फीव्हर. नावात ताप आहे पण गाईला ताप नसतोच, उलट अंग आणि कान गार लागतात, गाय व्याल्यानंतर लवकरच बसून राहते, मान वळवून कुशीवर टाकते. खरं काय झालंय ते हायपोकॅल्सीमिया हा शब्द सांगतो, हायपो कमी, कॅल्स कॅल्शियम, ईमिया रक्तात. एकदा अशी गाय बघितली किंवा नुसतं तिच्याबद्दल नीट वाचलं तरी हे तीनही तुकडे कायमचे बसतात, मग हायपोग्लायसीमिया समोर आला की ग्लायस म्हणजे साखर एवढंच नवीन शिकायचं उरतं. तसंच पायोमेट्रा, पायो म्हणजे पू आणि मेट्रा म्हणजे गर्भाशय, ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी बहुतेकदा होतो, आणि त्याच केसपेपरवर पीयू पीडी असं लिहिलेलं दिसू शकतं, म्हणजे पॉलीयूरिया आणि पॉलीडिप्सिया, खूप लघवी आणि खूप तहान.

शेपूट चुकीचं वाचलं तर काय होतं याचं एक उदाहरण देतो कारण हे खरंच महत्त्वाचं आहे. गाय लाल लघवी करतेय. हीमॅटूरिया म्हणजे लघवीत रक्त, हीमोग्लोबिन्यूरिया म्हणजे लाल पेशी फुटून त्यांच्यातलं हीमोग्लोबिन लघवीत उतरलंय. डोळ्याला दोन्ही लालच. पण नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवला की पहिल्यात पेशी तळाला बसतात आणि वरचं पाणी निवळतं, दुसऱ्यात ते लालच राहतं. पहिल्यात मूत्रमार्गाकडे बघायचं, दुसऱ्यात गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिओसिससारख्या रोगांकडे. नोंद करणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिला तर पुढचा माणूस चुकीच्या दिशेने विचार सुरू करेल. ऑपरेशनच्या शब्दांचंही तेच आहे, टॉमी म्हणजे कापून उघडणं, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टॉमी म्हणजे बाहेर तोंड तयार करून ठेवणं. सिस्टोटॉमीत मूत्राशय उघडून खडा काढतात आणि शिवतात, सिस्टेक्टॉमीत मूत्राशयाचाच भाग किंवा अख्खं मूत्राशय काढतात, ऐकायला किती जवळचे शब्द आहेत बघा.

दिशा मात्र माणसांच्या पुस्तकातून शिकू नका. माणूस उभा असतो म्हणून त्याच्यात पुढची बाजू आणि पोटाची बाजू एकच, चार पायांच्या जनावरात पोट खाली असतं. म्हणून इथे डोक्याकडे क्रेनियल, शेपटीकडे कॉडल, पाठीकडे डॉर्सल, पोटाकडे व्हेंट्रल. डोक्याच्या आत नाकाकडची दिशा सांगायला रोस्ट्रल वापरतात, कारण डोक्यातच डोक्याकडे म्हणून काय कळणार. पायाच्या खालच्या भागात पुढची बाजू डॉर्सल, मागची बाजू पुढच्या पायात पामर आणि मागच्या पायात प्लांटर. एक्सरेला मदत करणार असाल तर हे पहिल्या आठवड्यातच लागेल. सांध्यांचाही घोळ असतो, घोड्याच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला सगळे गुडघा म्हणतात तो कार्पस, म्हणजे आपलं मनगट, आणि मागच्या पायातला हॉक म्हणजे आपला घोटा. खरा गुडघा वर मांडीजवळ असतो, त्याला स्टायफल म्हणतात. कुत्रा उभा असताना हात लावून बघा, वाचून हे डोक्यात राहत नाही.

जातींची विशेषणं सोपी आहेत, बोव्हाइन गाय, कॅप्राइन शेळी, ओव्हाइन मेंढी, इक्वाइन घोडा, केनाइन कुत्रा, फेलाइन मांजर, एव्हियन पक्षी. ओव्हाइन आणि बोव्हाइन घाईत वाचू नका एवढंच.

एकच शब्द दोन जनावरांत वेगळा निघतो त्याकडे जास्त लक्ष द्या. ब्लोट म्हटलं की गाईत रुमेनमध्ये, म्हणजे तिच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, गॅस भरलेला, म्हणजे आपली पोटफुगी. कुत्र्यात ब्लोट म्हटलं तर बरेचदा जीडीव्ही अभिप्रेत असतो, पोट फुगून स्वतःभोवती पिळा बसलेला, आणि तो कुत्रा रांगेत थांबवायचा नसतो, लगेच आत पाठवायचा. मालकाशी बोलतानाही ऐकलेला शब्द तसाच उतरवू नका. मालक उलटी म्हणतात, पण पोटाला जोर देऊन, उबळ येऊन बाहेर पडलं तर ती व्हॉमिटिंग, आणि मान खाली घालताच न पचलेलं अन्न तसंच बाहेर आलं तर रीगर्जिटेशन. पहिल्यात जठर आतड्यांचा विचार होतो, दुसऱ्यात अन्ननलिकेचा. विचारा की पोट हलत होतं का, खाल्ल्यावर किती वेळाने आलं, आणि मग लिहा.

प्रिस्क्रिप्शनची अक्षरं : बीआयडी दिवसातून दोनदा, टीआयडी तीनदा, क्यूआयडी चारदा, पीओ तोंडाने, एससी कातडीखाली, आयएम स्नायूत, आयव्ही शिरेत, एनपीओ म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही. यात एसआयडी म्हणजे दिवसातून एकदा, आणि हे जवळपास फक्त व्हेटर्नरीतच वापरतात. माणसांच्या मेडिकलवाल्याला ते ओळखीचं नसतं, हस्ताक्षर वाईट असेल तर तो बीआयडी किंवा क्यूआयडी वाचू शकतो आणि डोस दुप्पट चौपट होतो. त्यामुळे तुम्ही लिहाल तेव्हा दिवसातून एकदा असं पूर्ण लिहा, डॉक्टरांनी एसआयडी सांगितलं असलं तरी.

वही करायची असेल तर शब्द देवनागरीत लिहा पण इंग्लिश स्पेलिंग शेजारी हवंच. इलियम हा लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम हे कमरेचं हाडही, आपल्या लिपीत फरकच दिसत नाही, इंग्लिशमध्ये आतड्याच्या स्पेलिंगमध्ये एलनंतर ई येतो आणि हाडाच्या स्पेलिंगमध्ये आय. रोज दवाखान्यातला एक जुना केसपेपर मागून घ्या, अडलेले शब्द तोडून बघा, आणि डॉक्टर मोकळे असतील तेव्हा तुमचा अर्थ त्यांना ऐकवून तपासून घ्या.