साबाची ४०० मीटरची धावपट्टी

प्रश्न: कॅरिबियनमधल्या साबा बेटावर धावपट्टी जेमतेम ४०० मीटर आहे म्हणतात. विमान उतरतं कसं?

उत्तर: जेट उतरतच नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. शिवाय परवानगी नसलेल्या विमानांसाठी ‘बंद’ अशा अर्थाची मोठी फुलीही रंगवलेली आहे! शेजारच्या सिंट मार्टेन बेटाहून येतं ते ट्विन ऑटर नावाचं १९ आसनी, पंख्यांचं छोटं विमान. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) पूर्ण खाली सोडून ते अगदी संथ वेगात येतं आणि चाकं टेकताच पंख्यांची पाती उलट कोनात फिरवून थांबतं. वैमानिकांना खास प्रशिक्षण लागतंच. खरी अडचण वाऱ्याची: डोंगरावरून भोवरे सुटले की फेरी रद्द. त्यामुळे पुढचं लांबचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका, आणि सामान हलकं ठेवा. बोटीचा पर्यायही आहे.