रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सातपुड्यातील रानपिंगळ्याच्या, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, अधिवासाचे नकाशे करणाऱ्या गटात जावे, की किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या तोंडातील वेदना कमी करण्यासाठीच्या गुळणीच्या अभ्यासात राहावे, या प्रश्नाला तू चार पाने दिली आहेस. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र एका ओळीत लिहिले आहेस, की रुग्णांच्या तक्त्यातील रिकामे रकाने ‘सध्या शून्य धरा’ असे तुला सांगण्यात आले आणि तू तसे केलेस. जंगल की रुग्णालय हे तुझे तू ठरव. संख्याशास्त्र जाणणारे माणूस दोन्हीकडे हवेच आहे. मला रात्री झोप लागली नाही ती त्या एका ओळीमुळे.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही नोंद आहे: कोणीतरी तेथे गेले, नीट पाहिले आणि काही आढळले नाही. रिकामा रकाना एवढेच सांगतो की पाहिले गेले नाही, किंवा पाहता आले नाही.

रानपिंगळ्याचेच घे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नाही, आणि ‘दिसला नाही’ याचे ‘उरला नाही’ व्हायला वेळ लागला नाही. त्यातच रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात, १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, त्यामुळे शोधाची दिशाच चुकली. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी कित्येक वर्षे आधी खानदेशात मिळवलेला आणि पुढे ब्रिटिश संग्रहालयातून चोरीला गेलेला नमुना असल्याचे उघड झाले. ती खोटी नोंद बाजूला सारून, खऱ्या जुन्या ठिकाणांचा माग काढत त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट यांच्यासह निघाल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे ज्याला शून्य म्हटले गेले तो पक्षी दिवसाउजेडी वावरणारा, उघड्या फांदीवर बसणारा आहे! पुढे तो मेळघाटात आढळला, आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही, जेथे त्याला शोधण्याचे कोणाच्या मनातही नव्हते.

नकाशा करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. बहुतेक नोंदी रस्त्यालगतच्या असतात, कारण माणसे रस्त्याने जातात. पक्षी रस्ता पाहून राहत नाही. साग मार्च-एप्रिलमध्ये निष्पर्ण असतो, तेव्हाचे एकटे उपग्रहचित्र घेतले तर उभे जंगल उजाड दिसू शकते. एखाद्या ठिकाणी पक्षी असूनही तो एका फेरीत दिसण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे जवळजवळ २२ टक्के उरते. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली, ‘न दिसणे’ आणि ‘नसणे’ वेगळे मोजण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे, आणि ती तुला येते. मग तोच विचार रुग्णालयाच्या दारात का सोडून आलीस?

तोंडाच्या कर्करोगाचा शेक, म्हणजे किरणोपचार, साधारण सहा-सात आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येऊ लागते, लाळ आटते. भाकरी सुटते, मग भातही सुटतो आणि माणूस पेजेवर येतो. तोंड किती आले आहे हे मोजण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ० ते ४ या श्रेणीत ३ म्हणजे केवळ पातळ पदार्थ आणि ४ म्हणजे तोंडाने काहीच घेता न येणे. वर्षानुवर्षे सुपारी, खर्रा, गुटखा चघळलेल्यांचे तोंड बऱ्याचदा आधीच आखडलेले असते, दोन बोटेही आत जात नाहीत. गालाची आतली बाजू दिसत नाही, म्हणून तपासणारा श्रेणीचा रकाना मोकळा सोडतो. ज्याचे तोंड सर्वांत वाईट, त्याचीच नोंद नसते. तेथे शून्य भरणे म्हणजे ‘तुला काही दुखत नाही’ असे त्याला लेखी सांगणे आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका रुग्णालयातील गुळण्यांच्या अभ्यासाचे गणित माझ्याकडे होते. मिश्रीने दात काळे पडलेल्या एक बाई चार आठवडे नेमाने येत होत्या. पाचव्या आठवड्यापासून त्यांचे रकाने रिकामे होते. तसे आणखीही काही जण होते. अहवालाची घाई होती. मी शून्य भरले, आणि त्या गुळणीने शेवटच्या आठवड्यांत वेदना झपाट्याने उतरतात असे आलेख सांगू लागला. पुष्कळ महिन्यांनी केसपेपर चाळताना कळले, की पाणीही गिळवेना म्हणून बाईंनी शेक अर्धवट सोडला होता. मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. ते कोणी छापले नाही, आणि मी दुसरे पाठवले नाही. ते दुसरे पत्र न लिहिल्याचे दुःख मला मूळ चुकीपेक्षाही अधिक आहे.

तेव्हापासून, कोणत्या आठवड्यात किती जणांची नोंद नाही आणि का नाही, हा तक्ता पहिल्या पानावर असल्याशिवाय मी कोठेही सही केली नाही. या हट्टापायी दोन चांगले सहकारी दुरावले. एका तरुण डॉक्टरवर मी सर्वांसमोर आवाज चढवला. तो चढवायला नको होता. पण हट्ट चूक होता असे मला आजही वाटत नाही. कामाला उशीर होतो असे मला ऐकवणाऱ्यांपैकी कोणीही त्या बाईंच्या घरी चौकशीला गेले नव्हते. मीही गेले नव्हते, म्हणूनच हे इतक्या जोराने सांगते आहे.

तू कनिष्ठ आहेस, हे कारण मला देऊ नकोस. मीही स्वतःला तेच दिले होते. तुला धीट हो म्हणून सांगण्याची गरज नाही. धीट नसतीस तर ती ओळ लिहिलीच नसतीस. शून्ये काढून टाक आणि प्रत्येक मोकळ्या जागी कारण लिही: आले नाहीत, तोंड उघडले नाही, बोलता आले नाही, वारले. जेथे आत पाहता येत नाही तेथे वरच्या-खालच्या दातांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोज, आणि काल काय खाल्ले ते विचार. बोलवत नसेल तर सोबतच्या माणसाला विचार. जे यायचे थांबले त्यांच्या घरी फोन लावण्याची परवानगी माग. कमी तीव्रतेच्या लेझरचा आणि बेंझिडामाइन या वेदनाशामक औषधाच्या गुळण्यांचा आधार आज रुग्णांना देता येतो, तो कोणीतरी असे रकाने नीट भरले म्हणून. तुमची गुळणी त्या पंक्तीत बसते की नाही, हे तुझ्या शून्यांनी ठरता कामा नये.

सोमवारी मूळ केसपेपर काढ, आणि चौथ्या आठवड्यानंतर भरलेल्या शून्यांपैकी खरी किती आहेत ते मोजून मला कळव. मार्गदर्शकांना हे पत्र दाखवायचे असेल तर खुशाल दाखव.

कळावे.