वाचकांचे प्रश्न : आजोबांचा दाखला, मोडीची वही आणि मेकॉले

प्रश्न : थोरल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मराठी सातवी, व्ह. फा. पास’ असं लिहिलंय, धाकट्यांच्या दाखल्यावर ‘इंग्रजी चौथी’. दोन्ही दाखले १९३० च्या आसपासचे. जास्त शिकलेलं कोण? (बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : इयत्ता मोजायच्या तर धाकटे आजोबा एका वर्षाने पुढे. मुंबई इलाख्यात तेव्हा मराठी चौथीनंतर वाट फुटायची. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाची इयत्ता पुन्हा पहिलीपासून सुरू व्हायची. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दाखल्यावर ‘इंग्रजी’ शब्द दिसला की आकड्यात चार मिळवायचे. इंग्रजी चौथी म्हणजे आजची आठवी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, अकरावं वर्ष.

‘व्ह. फा.’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची सरकारी परीक्षा. ती पास झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शकत असे. त्या काळी ती मोठी गोष्ट होती, त्यामुळे थोरल्या आजोबांना ‘फक्त सातवी’ म्हणू नका. मात्र त्यांना पुढे शिकायचं असतं तर इंग्रजीसाठी मागे यावं लागलं असतं आणि वर्षं वाया गेली असती. मराठी शिडी सातव्या पायरीवरच संपत होती.

वंशावळ लिहिताना एक जपा. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने घातलेली असते. जन्मसालाला दुसरा पुरावा शोधा.

प्रश्न : मेकॉलेने आपल्या शाळांतून मराठी काढली, हे खरं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : असं सांगणं सोपं आहे, पण आपल्याकडचा इतिहास निराळा आहे. मेकॉले हा गव्हर्नर-जनरलच्या मंडळातला कायदा सदस्य; इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं त्याचं टिपण २ फेब्रुवारी १८३५ चं, कलकत्त्यातलं. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाचे एक लाख रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, हा तिथला वाद होता. देशी भाषा त्या भांडणात जवळजवळ बाजूलाच होत्या.

सोलापूर १८१८ मध्ये कंपनीकडे गेलं आणि मुंबई सरकारच्या अमलाखाली आलं. तिथे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून मराठीत शिकवण्यावर भर होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने गणिताची पुस्तकं मराठीत आणली, १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. खरा तंटा १८४० च्या दशकात पेटला. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना वरचं शिक्षण इंग्रजीतून हवं होतं, तर जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस मराठीच्या बाजूने उभे राहिले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनीच्या शिक्षणविषयक आदेशाने, खालचं शिक्षण देशी भाषांत आणि वरचं इंग्रजीत अशी वाटणी पक्की केली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं. मराठी शाळेत राहिली, पण तिची वर जायची वाट बंद झाली. नुकसान झालं ते इथे, आणि आजही माध्यमाच्या वादात याच जागी बोट ठेवायला हवं.

पैशांची बाजू महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारी शिक्षण आयोगापुढे, मांडली. शेतसारा भरते रयत आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. अभ्यासक्रमही नेमका सुचवला : मोडी (जुनी, हात न उचलता लिहायची मराठी लिपी) आणि बालबोध (देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरणाची तोंडओळख, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे.

प्रश्न : पणजोबांची शाळेतली मोडी वही सापडली आहे. एक अक्षर लागत नाही. सुरुवात कुठून करावी? (पंढरपूर)

उत्तर : आकड्यांपासून करा. वहीत औटकीचा पाढा, म्हणजे साडेतीनचा, असण्याची शक्यता बरीच आहे. उभी ओळ ३॥, ७, १०॥, १४, १७॥ अशी जाते. ती सापडली की मोडी अंकांची किल्ली हाती आली. उभ्या रेघांवर बहुतेकांची चूक होते. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, ही रेघ एक धरून १। ला अकरा वाचलं की सगळा हिशेब फसतो.

मग अक्षरं. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, हात न उचलता. त्यामुळे शब्द तुटत नाहीत, विरामचिन्हं नसतात, इ-ई आणि उ-ऊ यांत फरक नसतो. तक्ता पाठ करत बसू नका, रोज अर्धा तास स्वतः गिरवा, कारण हाताचा ओघ कळला की डोळ्याला अक्षर दिसतं. नंतर ओळखीचे शब्द हुडका : पणजोबांचं नाव, गावाचं नाव, ‘मौजे’, ‘तालुके’. सगळ्यात जास्त चकवतो तो ‘र’; आधीच्या अक्षराला जोडून आला की त्याचं रूपच पालटतं.

साल शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. दख्खनी फसली (शेतसाऱ्याच्या हिशेबाचं साल) असेल तर ५९०, आणि जानेवारीपासून नवं फसली साल लागेपर्यंत ५९१.

प्रश्न : आमचं घर कानडी बोलणारं, तरी आजोबा मराठी शाळेत शिकले. तुळजापूरचे मामा मात्र उर्दूत शिकले. असं का? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : शाळेची भाषा घरावरून कमी आणि सरकारी दप्तरावरून जास्त ठरायची. सोलापूर जिल्ह्याचं दप्तर मराठी होतं. धारवाडकडे तर सुरुवातीला कानडी मुलांनाही मराठीतून शिकवत, कारण कारकून आणि पुस्तकं दोन्ही मराठी होती. तुळजापूर निजामाच्या राज्यात, तिथे राजभाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून होतं. म्हणजे इंग्रजी अमलाखालच्या सोलापुरात विज्ञान इंग्रजीतून आणि पंचेचाळीस किलोमीटरवरच्या तुळजापूरचा मुलगा हैदराबादेत गेला तर उर्दूतून. देशी भाषेत उच्च शिक्षण जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं. मराठी आणि कानडी घरांतल्या मुलांना मात्र तिथेही परक्याच भाषेत शिकावं लागलं.