‘दोन घास तरी खा हो!’

काकूंनी बसल्याबसल्या पिशवीतून वही काढली. तारीखवार नोंदी: शिरा तीन चमचे, वरणभात निम्मा, रात्री काही नाही. समासात वजन. “हे मुद्दाम खात नाहीत. परवा मी ताट आपटलं. कॅन्सरच्या माणसावर ओरडले मी, मॅडम.” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. आता केमो: एक दिवस सलाईन, 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी, अशा आठ सायकल. चौथी चालू होती.

‘पेशंट जेवत नाही, मी काय करू?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे माया ताटात वाढतात. मग ताट परत आलं की मायाच परत केल्यासारखी वाटते.

पुढच्या वेळी काकाही आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मोजकं बोलणारे. “तोंडात लोखंड धरल्यासारखं लागतं. फोडणीच्या वासानं ढवळतं. आणि हिचं ते गार सरबत!” कुणीतरी सांगितलं म्हणून काकू फ्रीजमधलं कोकम सरबत पाजत होत्या, आणि ते काकांच्या घशात काट्यासारखं टोचत होतं. त्यांच्या सलाईनमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध होतं. त्यानं काही दिवस गार सोसवत नाही. काका बोलले नव्हते, काकूंनी हट्टीपणा समजला होता.

जेवणाचं वेळापत्रक मी आहारतज्ज्ञांवर सोपवलं. शिवाय दोघांना बजावलं, की जुलाब थांबत नसतील, पाणीही पोटात टिकत नसेल किंवा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर माझी वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटलला फोन.

मग विचारलं, “दिवसातून किती वेळा ‘खाल्लंत का’ विचारता?”

“काल सतरा,” काका म्हणाले. मोजलं होतं त्यांनी!

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “खायला घालायचं नाही, तर मी करू काय? वजन उतरलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं.” इतके दिवस वहीत लिहिलेली भीती ती हीच. काकांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

ठरलं ते एवढंच. रांधायचं काकूंनी, किती खायचं ते काकांनी ठरवायचं. वजन आठवड्यातून एकदाच. आणि संध्याकाळी सहा ते सात जेवणाचा विषय बंद. पहिले दोन दिवस त्या तासात दोघं नुसते बसून राहिले. बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी काकू एकट्याच आल्या. वही नव्हती. काका कराड-चिपळूण गाडीवर असताना कुंभार्ली घाटात धुक्यात रात्रभर अडकले होते, ते त्यांनी त्या सहा ते सातच्या तासात सगळं सांगितलं म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात हे काकूंना ठाऊकच नव्हतं.

“आणि मग जेवले का नीट?” मी विचारून बसले.

“आता तुम्ही नका सुरू करू,” काकू म्हणाल्या.