वेंगुर्ल्याच्या घराला बडोद्याचा कॉन्ट्रॅक्टर सिमेंट प्लास्टर मारू म्हणतोय, मारावं का?

नाही, अजिबात नको. इथे बडोद्यात दांडिया बाजारात सिमेंट चालून जातं कारण हवा कोरडी, पाऊस कमी, पण तिकडे चार महिन्यांत ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि वर खारी हवा. तुमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत म्हणताय, चिरा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो, त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, मीठ बाहेर यायला बघतं आणि मग जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत पांढरी भुकटी, प्लास्टरवर टकटक केलं की पोकळ आवाज, शेवटी पापुद्रे चिऱ्याची सालं घेऊनच पडतात. चुन्याचंच करा, एक भाग चांगला भिजवलेला चुना, तीन भाग नदीची वाळू, आणि किनाऱ्यावरची खारी वाळू फुकट मिळते म्हणून कुणी आणली तर सरळ परत पाठवा. रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट नको.

मागचा मांगर (गुरांचा, सामानाचा गोठा) पाडून आरसीसी स्लॅब टाकायचं तर मनातून काढाच, खाऱ्या हवेत सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीट फुटतं. वासे बघा, वाळवी लागलेत तेवढेच बदला, मंगळुरी कौलं उतरवून धुवून परत चढवा, बिजागऱ्या पितळी घ्या. काम दिवाळीनंतर काढा.

आणि हो, घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर आधी नगरपरिषदेत (आसपासच्या गावात असेल तर ग्रामपंचायतीत) सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांचं विचारून घ्या. गवंडी मात्र तिकडचाच बघा, चुन्यात हात बसलेला.