प्रॉस्परस म्हणजे श्रीमंतच ना? नाही, आणि तुझी कार का चुकली तेही सांगतो

तू दोन गोष्टी विचारल्यास, प्रॉस्परस आणि रिच एकच का, आणि निबंधातल्या 'माय अंकल बॉट अ प्रॉस्परस कार' वर सरांनी लाल रेघ का मारली. आधी कारचं उरकतो. वस्तू प्रॉस्परस नसते रे. कार महाग असेल, आलिशान असेल, पण प्रॉस्परस असतो तो माणूस, घराणं, गाव, देश, धंदा, फार तर एखादा काळ. सरांचं बरोबरच आहे.

आता मुख्य मुद्दा. रिच म्हणजे आत्ता गाठीशी पैसा आहे, मग तो कुठून आला आणि उद्या राहील का याच्याशी त्या शब्दाला काही देणंघेणं नाही, लॉटरी लागली तरी माणूस रिच. प्रॉस्परस म्हटलं की मात्र बरं चाललंय, वाढतंय आणि टिकतंय असं सगळं त्यात येतं. आपल्याकडचंच बघ ना. हिंजवडी-मुळशी साइडला जमिनीचे भाव कडाडले तेव्हा गुंठ्यागुंठ्याने रान विकून गळ्यात चेन, हातात कडं आणि दारात स्कॉर्पिओ अशी जी मंडळी झाली त्यांना आख्खं पुणं गुंठामंत्री म्हणतं. तो गुंठामंत्री रिच, शंकाच नाही. पण पैसा उडवून झाल्यावर जमीनही नाही आणि धंदाही नाही अशी गत झाली तर त्याला प्रॉस्परस कोण म्हणणार? याउलट हडपसरचं मगरपट्टा घे. तिथे सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी साधारण 400 एकर जमीन बिल्डरच्या घशात घालण्यापेक्षा एकत्र करून आपलीच कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, आणि 2000 च्या आसपास टाउनशिपचं काम सुरू झाल्यावर त्याच घरातल्या कितीतरी पोरांनी बांधकामातली कंत्राटं घेतली, वर आयटी पार्कचं भाडं चालू झालं ते वेगळंच. इथे 'द फार्मर्स प्रॉस्पर्ड' हे वाक्य चपखल बसतं, 'बिकेम रिच' लिहिलंस तर चूक नाही पण अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होतं.

बाकीचे शब्द पटकन. वेल-ऑफ म्हणजे आपलं खाऊनपिऊन सुखी. वेल्दी म्हणजे बख्खळ इस्टेटवाला, बऱ्याचदा पिढीजात. अफ्लुअंट जास्त करून एरियाला किंवा वर्गाला लावतात, कोरेगाव पार्क, प्रभात रोड वगैरे. फ्लरिश जवळचा आहे पण तो कलेला, झाडालाही चालतो, प्रॉस्परमध्ये पैशाअडक्याचा वास हवाच.

क्रियापद वापरताना सगळे हमखास एक घोळ घालतात. 'ही प्रॉस्पर्ड हिज बिझनेस' असं लिहू नकोस, आजच्या इंग्रजीत प्रॉस्परला कर्म लागत नाही. 'हिज बिझनेस प्रॉस्पर्ड', बस. मराठीतही आपण 'त्याने धंदा भरभराटला' म्हणत नाही, धंद्याची भरभराट होते, तसंच. आणि प्रॉस्पेरिटीचं अनेकवचन करू नकोस, एखादी गोष्ट सुबत्ता 'आणते' म्हणायचं असेल तर 'ब्रिंग्ज प्रॉस्पेरिटी टू द रीजन'. आपल्या समृद्धी महामार्गाचं नाव ठेवण्यामागे हाच हिशोब आहे, मुंबई-नागपूर 701 किलोमीटर रस्ता झाला की वाटेतल्या जिल्ह्यांना बरे दिवस येतील. आले का, हा वेगळा वाद, तो इथे नको.

कॉमर्सवाल्यांनी जरा सावध. बीकॉमच्या पुस्तकात व्यापारचक्राच्या टप्प्यांत प्रॉस्पेरिटी येते तेव्हा तिचा अर्थ नुसता समृद्धी नसून तेजी असतो, म्हणजे उत्पादन, रोजगार, नफा सगळं वर जातंय, आणि तिच्यानंतर रिसेशन येणार हे धरूनच चालायचं. तिथे 'टिकतंय' वालं माझं वरचं सांगणं लागू नाही.

राजकारण्यांचा तर हा लाडका शब्द. 1956 च्या अमेरिकन निवडणुकीत आयझेनहॉवरच्या प्रचारात 'पीस अँड प्रॉस्पेरिटी' होतं. त्याआधीच्या महामंदीत उलटं झालं, 'प्रॉस्पेरिटी इज जस्ट अराउंड द कॉर्नर' हे वाक्य राष्ट्राध्यक्ष हूवरच्या नावावर चिकटवून लोक त्याची टर उडवायचे. तेव्हा निबंधात हा शब्द टाकलास तर पुढे काहीतरी ठोस दे, कुणाची भरभराट, कशामुळे. नुसतं 'इंडिया विल अचीव्ह प्रॉस्पेरिटी' म्हणजे गणपती मंडळाच्या फ्लेक्सवरचा मजकूर वाटतो.

उच्चार राहिला. प्रॉस्पर आणि प्रॉस्परस म्हणताना जोर पहिल्या 'प्रॉस' वर, पण प्रॉस्पेरिटीत तो 'पे' वर सरकतो, स्पीकिंग टेस्टला हे सांभाळ. आणि 'प्रॉस्पेरियस' असा शब्दच नाहीये, तुझ्या निबंधात खाली दोनदा आलाय तो, सरांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.